भात, सण आणि परतीचा पाऊस : शिरोड्यातील घराचा आश्विन

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले तालुक्यात, गोव्याच्या सीमेलगत शिरोडा हे गाव वसले आहे. उत्तरेस वेतोबाचे आरवली, दक्षिणेस गणपतीचे रेडी आणि त्यापलीकडे तेरेखोलची खाडी. मराठी वाचकाला हे गाव दोन कारणांनी ठाऊक असते. वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ या काळात येथील शाळेत अध्यापन केले आणि १९३०च्या मे महिन्यात येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. पर्यटकांना वेळागरचा किनारा आणि सुरूचे बन परिचित आहे. मात्र या गावातील आणि आसपासच्या वाड्यांतील कुटुंबाला वर्षातला सर्वांत कष्टाचा महिना कोणता असे विचारल्यास उत्तर मे किंवा गणेश चतुर्थीचे मिळत नाही. तो मान आश्विनाचा, म्हणजे साधारणपणे ऑक्टोबरचा असतो.

शहरात ऑक्टोबर म्हणजे उकाडा, सहामाही परीक्षा आणि दिवाळीची खरेदी. दक्षिण कोकणात याच चार-पाच आठवड्यांत भाताची कापणी, झोडणी, वाळवण आणि साठवण उरकायची असते. नवरात्र, दसरा, कोजागरी आणि दिवाळी हे सणही याच काळात येतात. ख्रिस्ती घरांत हाच महिना रोजच्या जपमाळेचा असतो. या सर्वांवर परतीच्या पावसाची टांगती तलवार असते. शेत, देवघर आणि आकाश या तिघांचे वेळापत्रक एकाच घराला सांभाळावे लागते. ते कसे सांभाळले जाते आणि आता ते का कठीण होत चालले आहे, याचा हा आढावा.

पिकाचे वेळापत्रक

सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जूनमध्ये तरवा पेरला जातो आणि जुलैमध्ये लावणी होते. पुढचा हिशेब भाताच्या जातीवर ठरतो. हळव्या जाती साडेतीन महिन्यांच्या आत तयार होतात, निमगरव्या त्यानंतर आणि गरव्या जातींना साडेचार महिने किंवा अधिक काळ लागतो. त्यामुळे वरकस, उंचावरील जमिनीतील हळवे भात सप्टेंबरअखेरीस पिवळे पडते, तर पाणथळ मळ्यातील गरवे भात नोव्हेंबरपर्यंत उभे असते. एकाच घराचे तुकडे दोन्ही प्रकारच्या जमिनीत असल्यास कापणी महिनाभर चालते.

कापणीआधी आठ-दहा दिवस खाचरातील पाणी काढून टाकतात. लोंबीतील बहुतेक दाणे भरून पिवळे झाले की कापणी सुरू होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला दातेरी 'वैभव' विळा आता अनेक घरांत आहे. कापलेले भात दोन-तीन दिवस शेतातच पसरून वाळवतात, मग भारे बांधून खळ्यावर आणतात. पुढे झोडणी, वारवणे, पुन्हा ऊन देणे आणि अखेर कणगीत किंवा पोत्यांत भरणे. पेंढ्याची उडवी रचली जाते, कारण गुरांचा वर्षभराचा चारा तोच असतो.

दक्षिण कोकणातील घरासाठी काम येथेच संपत नाही. रोजच्या पेजेला उकडा तांदूळ लागतो. भात रात्रभर पाण्यात भिजवून मोठ्या हंड्यात फूस फुटेपर्यंत उकडायचे, खळ्यात पसरायचे, वरचेवर पाय फिरवून उलथायचे आणि पुरते वाळल्यावर गिरणीत न्यायचे, हा क्रम आहे. यासाठी सलग दोन-तीन दिवसांचे कडक ऊन हवे. हे काम बहुतांशी घरातील स्त्रियांकडे असते आणि ते स्वयंपाक, गुरे व सणाची तयारी सांभाळून करावे लागते.

सणांचे वेळापत्रक

या महिन्यातील सणांचा शेतीशी असलेला संबंध केवळ योगायोगाचा नाही. घटस्थापनेला मातीत धान्य पेरले जाते. दसऱ्याला आपट्याच्या पानांबरोबरच विळे, कोयते, नांगर यांची पूजा होते. दक्षिण कोकणातील अनेक गावांत या दिवशी ग्रामदेवतेच्या मंदिरातून तरंगे बाहेर पडतात. वस्त्रांनी सजवलेले हे उंच देवस्तंभ मानकरी खांद्यावर घेतात आणि गाऱ्हाणे घालून गावाच्या सुखाची मागणी केली जाते. या सोहळ्याला प्रत्येक घराने आपला माणूस पाठवणे हा मान असतो आणि कर्तव्यही.

आश्विन पौर्णिमेला शहरांत कोजागरीचे मसाला दूध आटवले जाते. कोकणात हीच 'नव्याची पुनव', म्हणजे नवान्न पौर्णिमा होय. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने आणि झेंडूची फुले यांची जुडी बांधून ती दारावर, देवघरात, तुळशीला, गोठ्याला लावतात. यालाच 'नवे बांधणे' म्हणतात. नव्या तांदळाची खीर देवाला दाखवल्याशिवाय घरात नवे धान्य शिजवायचे नाही, असा जुना दंडक आहे.

नरक चतुर्दशीला मालवणी मुलुखात 'चावदीस' म्हणतात. पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर तुळशीपुढे कारीट हे कडू रानफळ डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडले जाते. वाड्यावाड्यांवर तरुणांनी रात्र जागवून केलेल्या नरकासुराच्या प्रतिमा पहाटे जाळल्या जातात, ही प्रथा गोवा आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे दिसते. त्यानंतर येतात पोहे. गूळ-खोबऱ्याचे गोडे पोहे, फोडणीचे तिखट पोहे, दुधातले, दह्यातले आणि नारळाच्या रसातले असे अनेक प्रकार एकाच सकाळी होतात. शेजारी एकमेकांकडे पोहे खायला जातात. हे पोहे मुळात नव्या भाताचे असावेत, अशी अपेक्षा असते. त्यामुळे चावदिसाच्या आधी निदान हळवे भात घरात येणे आवश्यक ठरते. पाडव्याला गुरांना आंघोळ घालून माळा बांधतात आणि गोठ्याची पूजा करतात. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचे लग्न लागते आणि हा पसारा आवरतो.

जपमाळेचा महिना

सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर आणि सावंतवाडी परिसरात ख्रिस्ती कुटुंबेही पिढ्यानपिढ्या राहतात. पूर्वी पुणे धर्मप्रांतात असलेल्या या भागासाठी २००५ मध्ये स्वतंत्र सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला आणि त्याचे मुख्य चर्च सावंतवाडीत आहे. कॅथॉलिक परंपरेत ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना मानला जातो. पोप तेरावे लिओ यांनी १८८३ मध्ये तसा आदेश काढला होता. ७ ऑक्टोबरला जपमाळेच्या मातेचा सण येतो. कोकणी बोलणाऱ्या घरांत या प्रार्थनेला 'तेर्स' म्हणतात. तिन्हीसांजेला सारे घर वेदीसमोर गुडघे टेकून ती म्हणते. वडीलधारे सुरुवात करतात आणि मुले उत्तर देतात.

या घरांनाही दिवसभर शेतच असते. दुपारपर्यंत कापणी, ऊन कलल्यावर भारे वाहणे, मग हातपाय धुऊन प्रार्थना, असा दिवस जातो. २ नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन असतो. त्याआधी दफनभूमीतील गवत काढणे, कबरी धुणे आणि मेणबत्त्या आणणे ही कामे असतात. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना सुरू होते आणि ३ डिसेंबरच्या सणाला सीमेपलीकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी असते. धर्म वेगळा असला तरी महिन्याचा ताण सारखाच आहे. शेजारधर्मात दिवाळीचे पोहे एका दारातून दुसऱ्या दारात जातात आणि नाताळात नेवऱ्या व दोदोल उलट वाटेने येतात.

पंचांग सरकते, पीक सरकत नाही

हिंदू सणांच्या तारखा दरवर्षी बदलतात, हे सर्वांना माहीत असते. त्याचा शेतकऱ्याच्या घरावर होणारा परिणाम मात्र शहरी वाचकाच्या लक्षात येत नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. ही तूट भरून काढण्यासाठी साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो. त्यामुळे दसरा २०१९ मध्ये ८ ऑक्टोबरला, आश्विनच अधिक असलेल्या २०२० मध्ये २५ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आला.

भाताची कापणी मात्र जूनमधील पेरणीच्या दिवसावर ठरते. सण लवकर आले तर नवे बांधण्यासाठी हिरवट लोंब्या शोधाव्या लागतात आणि दिवाळी ऐन कापणीत येते. सण उशिरा आले तर भात घरात येते, पण दिवाळीच्या सुटीत मदतीला येणारी मुले कापणी संपल्यावर पोहोचतात. ख्रिस्ती घरांचे ऑक्टोबरमधील सण तारखेने बांधलेले असल्याने त्यांच्याकडे हा प्रश्न येत नाही. परंतु पावसाचा प्रश्न दोघांनाही सारखाच आहे.

परतीच्या पावसाची धास्ती

नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोकणातून साधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास माघार घेतो. या माघारीच्या काळात दुपारनंतर ढग जमून विजांसह जोरदार सरी कोसळतात. उभे भात आडवे होते. कापून पसरलेले भात भिजले तर दोन-तीन दिवसांत दाण्यांना कोंब फुटतात. असे भात पेजेला उपयोगी पडत नाही आणि काळा पडलेला पेंढा गुरेही खात नाहीत. सकाळी स्वच्छ ऊन पाहून कापणी करावी आणि चार वाजता ताडपत्री घेऊन धावावे लागावे, हा येथील नित्याचा अनुभव आहे.

अरबी समुद्रातील चक्रीवादळे या काळात भर घालतात. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' वादळाने कोकण किनाऱ्याला तडाखा दिला. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस 'क्यार' वादळ ऐन दिवाळीत आले. त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होते. वादळ किनाऱ्यावर धडकले नाही, तरी समुद्र खवळला, मुसळधार पाऊस झाला आणि कापणीला आलेले भात पाण्यात गेले.

त्या वर्षी राज्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी आठ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली. कोकणातील घराची भातजमीन अनेकदा गुंठ्यांत मोजली जाते. वीस गुंठे म्हणजे साधारण २० आर, अर्थात हेक्टरचा पाचवा हिस्सा. या दराने अशा घराच्या वाट्याला सुमारे सोळाशे रुपये येतात. वर्षाच्या पेजेचे धान्य गेल्यावर मिळणारी ही रक्कम आहे.

पीक विम्याची स्थितीही समजून घ्यावी लागते. पंतप्रधान पीक विमा योजनेत, कापून शेतात वाळत ठेवलेल्या पिकाचे १४ दिवसांच्या आत अवकाळी पावसाने नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद होती. त्यासाठी ७२ तासांत सूचना द्यावी लागे. महाराष्ट्रात २०२३ पासून शेतकऱ्याला केवळ एक रुपया भरून या योजनेत सहभागी होता येत होते. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची सवलत बंद केली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या सरासरी उत्पन्नाशी जोडली. अशा प्रयोगात क्षेत्राचे सरासरी उत्पन्न मोजले जाते. एखाद्या घराच्या खळ्यावर कापलेले भात भिजून रुजले, तर ते या मोजमापात दिसत नाही. ज्या आठवड्यात कोकणातील शेतकऱ्याचा धोका सर्वाधिक असतो, नेमका तोच आठवडा त्यामुळे विम्याच्या कक्षेबाहेर राहतो.

लांबलेल्या पावसाचे परिणाम भातापुरते मर्यादित नाहीत. कापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर कुळीथ, चवळी यांची पेरणी होते. कापणी रखडली की ही पेरणीही मागे पडते आणि तोवर ओल उडून जाते. आंब्याला मोहराऐवजी नवी पालवी फुटते व हंगाम पुढे जातो. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या मिठागरांचे बांध दुरुस्त करण्याचे कामही ऊन स्थिरावल्याशिवाय हाती घेता येत नाही.

घरात माणसे किती?

पाऊस पूर्वीही होता. बदलला आहे तो हातांचा हिशेब. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना ती घटलेल्या मोजक्या जिल्ह्यांत सिंधुदुर्गचा समावेश होता. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. याचा अर्थ उघड आहे. कमावते पुरुष मुंबईत, पुण्यात, गोव्यात किंवा आखातात होते आणि घर व शेत मागे राहिलेल्यांच्या हाती होते.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण क्षमतेने सुरू झाली, २०२१ मध्ये चिपी येथे विमानतळ सुरू झाला आणि २०२३ च्या जानेवारीपासून गोव्यातील मोपा विमानतळावरून उड्डाणे होऊ लागली. प्रवास सोपा झाला, तरी चाकरमान्याची रजा वाढली नाही. मुंबईकराची रजा गणेश चतुर्थीला खर्च होते. भाद्रपदात घर माणसांनी भरते, भजनांनी गजबजते. पुढच्याच महिन्यात भात पिवळे पडते तेव्हा त्याच घरात दोन म्हातारी माणसे आणि एखादी सून उरते. या जिल्ह्यातील शेतीचा पेच या एका विसंगतीत सामावला आहे. ज्या महिन्यात सर्वाधिक हात लागतात, त्याच महिन्यात ते सर्वांत कमी असतात.

पूर्वी हा पेच सावडीने सुटत असे. आज माझ्या शेतात चार घरची माणसे, उद्या मी त्यांच्या शेतात, असा हा व्यवहार होता. मजुरी नव्हती, जेवण मात्र यजमानाचे असे. सावड टिकण्यासाठी प्रत्येक घरात परतफेड करू शकणारी माणसे असावी लागतात. तीच नसल्याने मजुरीचा मार्ग उरतो आणि तेथे गोव्यातील रोजगाराशी स्पर्धा करावी लागते. २०२५-२६ साठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. काही गुंठ्यांतील भातातून मजुरी, नांगरणी आणि खत यांचा खर्च निघत नाही, हे प्रत्येक घर जाणते. कापणी आणि मळणीची लहान यंत्रे आली आहेत, परंतु अरुंद, पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत त्यांचा उपयोग मर्यादित राहतो. गवे, रानडुक्कर आणि माकडे यांचा उपद्रव वेगळाच. परिणामी दरवर्षी काही मळे पडीक राहतात. पोहे आणि तांदूळ दुकानातून येतात, दारावर बांधायच्या लोंब्या शेजाऱ्याच्या शेतातून आणल्या जातात.

धान्य घरी आल्यावर

तुळशीचे लग्न झाले की जत्रांचा हंगाम सुरू होतो. सावंतवाडी तालुक्यातील सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भरते आणि पुढे गावोगावच्या जत्रा उन्हाळ्यापर्यंत चालतात. दशावतारी मंडळे रात्रीमागून रात्री देवळांच्या प्रांगणात उभी राहतात. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, आजगावकर ही नावे याच मातीतील. या हंगामाची सुरुवात कार्तिकात होण्यामागे साधे कारण आहे. भात कणगीत पडल्यावरच गावाला रात्रभर जागण्याची सवड मिळते. त्याच सुमारास ख्रिस्ती घरांत नाताळची चाहूल लागते.

आश्विनातले बहुतेक सण नव्या धान्याभोवती उभे आहेत. नवरात्रात ते पेरले जाते, दसऱ्याला त्याची अवजारे पुजली जातात, पौर्णिमेला ते दारी बांधले जाते आणि चावदिसाला ते पानात पडते. शेती सुटली तरी सण लगेच सुटत नाहीत. पडीक मळ्याच्या मालकाच्या दारावरही आश्विन पौर्णिमेला लोंब्यांची जुडी दिसते. परंतु त्या लोंब्या देण्यासाठी वाडीतील निदान एका घराला भात लावावे लागते. गणपतीला गावी जाणाऱ्या शहरी नातेवाइकाने रजेतील चार दिवस कापणीसाठी राखून ठेवले, तर ते घर आणखी काही वर्षे तग धरेल.